पाचशे कोणाक?

जुलैचा दुसरा आठवडा होता. तीन दिवस झड लागून राहिली होती. मालवणात पाऊस असा लागला की दुकानाच्या फळ्या फुगतात, काउंटरची काच आतून धुरकटते आणि माझ्या झेरॉक्स मशीनमध्ये कागद अडकायला लागतो. रिम फोडली की ती आधी बल्बच्या उबेला ठेवावी लागते. माझं दुकान बँकेच्या बरोबर समोर आहे, मधे फक्त दोन रिक्षा जातील एवढा रस्ता. आधारचं झेरॉक्स, पॅनचं झेरॉक्स, पैसे भरायच्या स्लिपा लिहून देणं, अर्ज लिहून देणं, हे माझं दिवसभराचं काम. त्या दिवशी मी स्वतःच्याच कामाला बँकेत गेले होते आणि रांगेत माझ्या पुढे कोकमवाली काकी उभी होती. आगळ म्हणजे कोकमाचा खारट रस, सोलं, कुळथाचं पीठ, आंबोशी, हे सगळं ती जेटीच्या वाटेवर टेबल मांडून विकते. तिच्या हातात चालू खात्याच्या स्टेटमेंटची दोन पानं होती, कोपऱ्यात पिन मारलेली. पदराखालून झाकून आणली होती तरी वरचं पान दमट होऊन मऊ पडलं होतं. उजव्या हाताचं बोट तिने एका ओळीवर दाबून धरलं होतं. जून सरला तरी तिच्या नखांच्या कडा लालसर काळ्याच असतात. दीड-दोन महिने रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडली की तो रंग नखांतून सहजी जात नाही.

काउंटरवरच्या मुलीने ओळ वाचली आणि सांगितलं, "काकी, चार्जेस आहेत ते. शिल्लक कमी पडली म्हणून पाचशे, आणि वर नव्वद."

"नव्वद कसले?"

"जीएसटी. ते सरकारला जातात."

काकीने मान हलवली. ते तिला पटलं होतं. मग बोट तिथेच ठेवून तिने विचारलं, "बरा. नव्वद सरकाराक. मगे पाचशे कोणाक दिलात?"

मुलगी जराशी थांबली. "सिस्टीमने कापलेत, काकी."

"ता कळला. पण कोणाक दिलात? परत मागूक नाय इलंय मी."

मागे रांग होती. कुणाची तरी छत्री गळत होती, शिपाई पुसणं घेऊन आला. मुलीने एकदा स्क्रीनकडे पाहिलं, एकदा आत मॅनेजरच्या केबिनकडे पाहिलं, आणि "पुढचे या" म्हणाली. काकी भांडली नाही. कागदाची घडी केली, ती प्लास्टिकच्या पिशवीत घातली, पिशवी पोलक्यात खोचली आणि पायऱ्या उतरून पावसात गेली. माझा नंबर आला तेव्हा मी कशाला आले होते तेच मला क्षणभर आठवेना.

तो प्रश्न डोक्यातून जाईना. रात्री भाकऱ्या थापताना आठवला, सकाळी दुकानाच्या फळ्या काढताना आठवला. जाईना म्हणण्यापेक्षा, मला त्याचं उत्तर द्यावंसं वाटत होतं आणि माझ्याकडे ते नव्हतं.

बँकेने काय केलं ते आमच्या बाजारपेठेत एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. तीन वर्षांपूर्वी याच बँकेची माणसं आठवडा बाजारात छत्री लावून बसली होती. धंदा करता ना, मग चालू खातं उघडा, शिल्लक ठेवायची गरज नाही, क्यूआरचा स्टँड आम्ही देतो. मच्छी विकणाऱ्या बायका, नारळपाणीवाले, स्कूबावाल्या पोरांचे गट, माझ्यासारखी दुकानं, सगळ्यांनी उघडली. काकीनेही उघडलं, कारण पर्यटकांकडे सुटे नसतात आणि चाळीस रुपयांची आगळाची बाटली घेताना ते फोनच पुढे करतात. या 1 जूनपासून नियम बदलला. महिन्याची सरासरी शिल्लक दहा हजार हवी, नसेल तर पाचशे रुपये, अधिक 18 टक्के जीएसटी. पाचशे नव्वद. जुलै लागला आणि एकेका खात्यातून तेवढी रक्कम गेली.

माझ्या दुकानात त्या पंधरवड्यात जे जे आले त्यांचे चेहरे मी विसरणार नाही. कोंबडीवाला तर आधी बँकेत ओरडून आला आणि मग माझ्या काउंटरवर मूठ आपटून पुन्हा तेच बोलला. इतका तापला होता की झेरॉक्स कशाची हवीय तेच सांगायचं राहून गेलं. स्कूबावाला एक पोरगा आला, तो अजिबात चिडलेला नव्हता. पावसात पाण्यातले खेळ बंद, त्यामुळे त्याला वेळच वेळ. माझ्या बाकड्यावर बसूनच त्याने मोबाईलवर दुसऱ्या बँकेत खातं उघडलं, आधार दाखवलं, डोळे मिचकावून फोटो दिला, संपलं. "वयनी, सीम बदलतत तसा करूचा," म्हणाला. त्याचं बरोबरच असेल. पण समोरच्या बँकेत त्याच्या बापाचं चाळीस वर्षं खातं आहे हे मला माहीत होतं, आणि त्याला निघून जाताना काहीच वाटलं नाही, हे कोंबडीवाल्याच्या ओरडण्यापेक्षा मला जास्त टोचलं. एका दशावतारी कंपनीचे मालक आले. दिवाळीनंतर जत्रा सुरू झाल्या की मे संपेपर्यंत त्यांच्या खात्यात येणं-जाणं असतं. पावसाळ्यात पेटारे माळ्यावर जातात, राजाचे मुकुट फडक्यात बांधले जातात आणि खातंही तसंच बांधून ठेवल्यासारखं पडून असतं. त्यांनी स्टेटमेंट चष्मा लावून दोनदा वाचलं आणि मला एवढंच म्हणाले, "वयनी, माका कोणी सांगूक नाय." राग नव्हता आवाजात. बैठकीतून उठवल्यावर माणूस जसा बोलतो तसे बोलले.

नवऱ्याच्या ओळखीचे एक ट्रॉलरवाले आहेत. त्यांना मी विचारलं तेव्हा त्यांना पत्ताच नव्हता. फोन काढून पाहिला, म्हणाले, माझे काय गेले नाहीत.

पैसे कापले जाणं आम्हाला काही नवं नाही. माझं माहेर देवगडच्या बाजूचं. वडिलांची आंब्याची साठेक कलमं होती. पेट्या ट्रकने मुंबईला जायच्या, तेव्हा क्रॉफर्ड मार्केटला आणि पुढे वाशीला. मग दलालाकडून पट्टी यायची. गुलाबी कागद, निळ्या कार्बनची अक्षरं. वडील ती खळ्यात खाटेवर बसून मोठ्याने वाचायचे आणि आई तांदूळ निवडता निवडता ऐकायची. पेट्या इतक्या, भाव इतका, एकूण इतके. त्यातून भाडं वजा, हमाली वजा, तोलाई वजा, कमिशन वजा. प्रत्येक ओळीला वडील तोंडाने काहीतरी पुटपुटायचे. भाड्याला म्हणायचे, ट्रकवाला रात्रभर घाट चढून जातो, घेणारच. हमालीला म्हणायचे, एक पेटी काय हलकी असते? कमिशनच्या ओळीला मात्र आवाज चढायचा. दलाल लुबाडतो, भाव पाडून सांगतो, पुढल्या वर्षी एक पेटी त्याला घालणार नाही. आणि पुढल्या वर्षी घालायचे. त्या पट्टीत खोट असेलही, होतीच. पण खाली उरलेला आकडा वाचून झाला की वजा झालेला प्रत्येक रुपया कुठे गेला ते आमच्या घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असायचं. शिवी द्यायची तर तीही कुणाला द्यायची ते ठाऊक असायचं.

मनीऑर्डरचंही तसंच. माझा काका लालबागला गिरणीत होता. दर महिन्याला आजीच्या नावाने त्याची मनीऑर्डर यायची. पोस्टमन आमच्या पायरीवर बसायचा, पाणी-गूळ घ्यायचा, पिशवीतून फॉर्म काढायचा, आजीचा अंगठा घ्यायचा आणि नोटा तिच्या तळहातावर एकेक करून ठेवायचा. कमिशन काकाने तिकडे खिडकीवरच भरलेलं असायचं. आजीला ते माहीत होतं. ती म्हणायची, पोरगा शंभर पाठवतो तेव्हा वर पोस्टाचेही देतो, बिचाऱ्याला जास्त पडतं. पुढे मी लग्नाआधी दोन वर्षं मुंबईत नोकरी केली आणि स्वतः मनीऑर्डर करू लागले, तेव्हा वीस रुपयांमागे एक रुपया असा दर होता. शंभराला पाच. आजच्या कुठल्याही बँकेने पैसे पाठवायला शंभराला पाच मागितले तर लोक रस्त्यावर येतील. तेव्हा कुणी आलं नाही. खिडकीवरचा माणूस तोंडाने सांगायचा, एवढे मनीऑर्डरचे, एवढे कमिशनचे, आणि पावती द्यायचा. नको वाटलं तर नोटा परत पाकिटात ठेवून घरी जायची मोकळीक होती. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि काकाच्या मनीऑर्डरी थांबल्या. त्यानंतरही कितीतरी दिवस पोस्टमन आमच्या पायरीवर नुसता बसून जायचा. आजी त्याला गूळ द्यायची. देणं नव्हतं, घेणं नव्हतं, तरी तो येऊन सांगायचा की आज काही नाही.

आज काही नाही, एवढं सांगायला तो येत होता.

लग्न होऊन मालवणात आले तेव्हा सासर दांडी किनाऱ्याजवळ. पहिल्याच वर्षी मी रापण पाहिली. पहाटे होडी जाळं टाकत लांब वळसा घालून येते, मग जाळ्याची दोन टोकं घेऊन पन्नास-साठ माणसं दोन बाजूंनी वाळूवर ओढायला लागतात. पाय वाळूत रुततात, कंबर मागे जाते, तोंडाने हेल धरलेला असतो. तास-दोन तास ते ओढणं चालतं. मासळी वर आली की तिचे वाळूवर वाटे घालतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, माणसामाणसाचा वाटा. मधेच येऊन दोराला हात लावलेल्या वाटसरूलाही ओंजळभर मिळते, पोरांना मिळते. सासूबाई मला म्हणाल्या होत्या की वाटे घालताना बघत राहा, म्हणजे घर कसं चालतं ते कळेल. मी बघत राहिले. मला वाटलं होतं फार शांतपणे होईल ते, पण तिथे आरडाओरडा होता. ह्या वाट्यात बांगडे कमी, त्या वाट्यात मासळी लहान, तू उशिरा आलास, तुझा अर्धा. एकदा तर दोन भावांनी तिथेच एकमेकांच्या गळ्याला हात घातले. म्हणजे पूर्वी सगळं गोड होतं असं मला सांगायचं नाही. ज्याला कमी मिळायचं त्याला तेव्हाही कमीच मिळायचं. पण ते उजेडात, सगळ्यांच्या देखत, वाळूवर मांडलेलं असायचं आणि ज्याचा वाटा कापला तो समोर उभा असायचा. आता रापणी फारशा उरल्या नाहीत. वाळूवर कधीमधी एखादी ओढतात, तेव्हा पर्यटक व्हिडिओ काढतात.

काकीच्या प्रश्नानंतर आठवड्याने बँकेचे मॅनेजर माझ्या दुकानात आले. लातूरकडचा मुलगा आहे, तिशीही गाठली नसेल. मालवणच्या पावसाला अजून सरावलेला नाही, बूट कायम ओले. बँकेचा प्रिंटर बसला की ते माझ्याकडेच येतात. मी विचारलं, "साहेब, सरासरी म्हणजे तुम्ही नक्की काय धरता?" त्यांनी माझ्या टेबलावरचा एक वाया गेलेला कागद ओढला आणि पाठीवर लिहून दाखवलं. रोज रात्री खात्यात जी शिल्लक असेल ती धरायची, महिनाभराच्या शिल्लकांची बेरीज करायची आणि दिवसांनी भागायची. जूनचे दिवस तीस. म्हणजे बेरीज तीन लाख झाली की सरासरी दहा हजार. मी ते बघत राहिले. म्हणजे एखाद्याच्या खात्यात एकाच रात्री तीन लाख आले आणि दुसऱ्या दिवशी सगळे काढून घेतले, उरलेले एकोणतीस दिवस खातं कोरडं, तरी त्याला एक पैसा पडणार नाही? "नाही पडणार," ते म्हणाले. आणि काकीसारखीचे पूर्ण महिनाभर सहा-सात हजार तुमच्याकडे पडून आहेत, तिला पाचशे नव्वद? ते थोडं थांबून म्हणाले, "हो ताई. हिशोब तसाच आहे."

ट्रॉलरवाल्यांचे का गेले नाहीत ते मला तेव्हा कळलं. मे अखेरची मासळीची रक्कम जूनच्या पहिल्या दोन दिवसांत जमा झाली असणार. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, एकसष्ट दिवस. तरी एका मोठ्या रकमेने त्यांचा महिना निभावून नेला. काकीचं गणित नेमकं उलटं. एप्रिल-मेमध्ये रातांबे पिकतात, तेव्हा तिचे पैसे रातांब्यांत जातात, जाड मिठात जातात, रिकाम्या बाटल्यांत जातात. जूनमध्ये तिची सगळी कमाई घराच्या पडवीत बाटल्यांतून लाल दिसत असते. किल्ल्याच्या होड्या बंद, जेटीवर माणूस नाही. ती आगळ पैशात यायला दिवाळीची सुट्टी उजाडावी लागते. आमच्या किनाऱ्यावरचा पैसा भरती-ओहोटीसारखा येतो-जातो, आणि दहा हजारांची ही रेघ बरोबर ओहोटीत आखलेली आहे.

मॅनेजर वाईट माणूस नाही, हे मला इथे लिहिलंच पाहिजे. त्या दिवशी ते माझ्या बाकड्यावर बसले आणि बऱ्याच गोष्टी बोलले. चालू खात्यावर बँक व्याज देत नाही, म्हणून त्यात पडून राहणारी शिल्लक हीच तिची कमाई. क्यूआरवर पैसे घेताना दुकानदाराला काही पडत नाही, 2020 च्या जानेवारीपासून सरकारने यूपीआयवरचं शुल्क शून्यच केलं. पण दहा-वीस रुपयांची एकेक नोंद खात्यात येते, महिन्याला शेकड्यांनी येते, ती ठेवायला यंत्रं लागतात, वीज लागते, माणसं लागतात. मी म्हटलं, "साहेब, मग हेच त्या दिवशी काकीला का नाही सांगितलंत? तिने दुसरं काय विचारलं होतं? पाचशे कोणाक दिलात, एवढंच." ते गप्प झाले. मग म्हणाले, "तसं बघितलं तर माझा पगारही त्यातूनच येतो, ताई. पण ते मी काउंटरवर उभं राहून कसं सांगू?" आणि थोड्या वेळाने, "मलाही मेलवरच कळलं. शाखेत आम्ही तिघं. अकराशे चालू खाती आहेत. कुणाकुणाला सांगू?"

तिघं जण, हे खरंच होतं. त्याच वेळी रस्त्यापलीकडे बँकेच्या दारात पाच-सहा माणसं त्यांची वाट बघत उभी होती.

आता जी गोष्ट लिहायची आहे ती मला जड जाते. मी त्यांना विचारलं, नोटीस तरी लावली होती का? ते म्हणाले, "लावली ना. मे महिन्यात. तुमच्याकडूनच तर प्रती काढून नेल्या शिपायाने." मला आठवलं. मेचा तिसरा आठवडा, दुकानात मुंबईकर चाकरमान्यांची गर्दी, कुणाला सातबाऱ्याच्या प्रती, कुणाला लग्नाच्या याद्या. शिपाई आला, एक कागद दिला, दहा प्रती म्हणाला. मी कागद काचेवर पालथा ठेवला, आकडा दाबला, दहा प्रती टकटक करून सारख्या केल्या आणि दिल्या. वाचला नाही. इंग्रजी आणि हिंदीत होता. मराठीत नव्हता. ग्राहकांसाठीचं छापील साहित्य त्या त्या राज्याच्या भाषेतही असावं असं रिझर्व्ह बँकेचं सांगणं आहे, पण तेव्हा ते माझ्या मनातही आलं नाही. त्या दहांतली एक प्रत अजूनही बँकेच्या आतल्या काचेवर आहे, केवायसीच्या आणि लॉकरच्या सूचनांच्या मधे. मी वाचली असती तर काकीला सांगितलं असतं, दशावतारी मालकांना सांगितलं असतं. पंधरा-वीस माणसांना तरी नक्की सांगितलं असतं. माझ्याच मशीनमधून तो कागद निघाला होता आणि मी पाठमोरी होऊन पुढच्या गिऱ्हाइकाचे पैसे घेत होते. शिवाय गेल्या वर्षी मी स्वतः झेरॉक्सचे दोनाचे तीन केले तेव्हा काय केलं? काचेवर एक चिठ्ठी चिकटवली. चिठ्ठी लावली म्हणजे सांगितलं, असंच तेव्हा मला वाटलं होतं. ज्यांना वाचता येत नाही ती माणसं दोन रुपये काढून हात पुढे करायची आणि मी "तीन" म्हणायचे. त्यांचा हात तेव्हा किंचित मागे जायचा. ते मला दिसायचं, आणि तरी मी त्यावर कधी विचार केला नव्हता.

मग मी नियम शोधले. माझ्या धंद्यामुळे शासकीय भाषा वाचायची सवय आहे. 2014 च्या नोव्हेंबरात रिझर्व्ह बँकेने सांगितलेलं आहे की किमान शिल्लक कमी पडली तर आधी ग्राहकाला कळवा, भरायला महिना द्या, दंड कमी पडलेल्या रकमेच्या प्रमाणात असू द्या, आणि नुसत्या दंडापायी खातं उणे होऊ देऊ नका. 1 एप्रिल 2015 पासून ते लागू झालं. वाचताना मला केवढा आनंद झाला होता. मग वर पाहिलं, हे सगळं बचत खात्यासाठी. 2020 च्या मार्चमध्ये स्टेट बँकेने किमान शिल्लकेची अटच काढून टाकली, 2025 मध्ये आणखी काही सरकारी बँकांनी काढली, तीही बचत खात्यावरची. चालू खातं म्हणजे व्यापाऱ्याचं, पेढीवाल्याचं, त्याला स्वतःचं बघता येतं, असं हे नियम करणाऱ्यांनी धरलेलं असावं. एके काळी ते खरंही होतं. माझ्या लहानपणी चालू खातं गावात एका भुसार दुकानदाराचं आणि एका काजू कारखानदाराचं असायचं. आता जेटीवर चाळीस रुपयांची बाटली विकणारीही चालू खातेदार झाली आहे. तिने मागितलं नव्हतं. तिला बाजारात गाठून, छत्रीखाली बसवून, सही कुठे करायची ते बोटाने दाखवून ते दिलेलं आहे.

काकी जुलैच्या शेवटी दुकानात आली. पाऊस उघडला होता. मी तिला सगळं सांगितलं, सरासरीचा हिशोब, मॅनेजर काय म्हणाले ते, आणि नोटिशीच्या प्रती मीच काढल्या होत्या तेही. ते सांगताना माझा आवाज जरा पडला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुका तरी खय वेळ असता गो बाय." मग म्हणाली, "पण माका लिवन् दी. मी इचारलंय ता लिवन् दी." बँकेकडे आधी लेखी द्यायचं, तीस दिवस उत्तराची वाट बघायची, नाहीच आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं, 14448 वर फोन करून चौकशी करता येते, हे मी तिला समजावलं. शुल्क किती लावायचं हा बँकेचा व्यवहार आहे असं लोकपाल म्हणू शकतात, हेही सांगितलं. खोटी आशा लावायची नव्हती. पैसे परत मागायचे का, असं विचारलं तर तिने हाताने नको केलं. मग मी लिहिलं. माझ्या चालू खात्यातून रु. 590 वजा झाले आहेत. पैकी 90 रुपये जीएसटीचे असल्याचे समजले. उरलेले 500 रुपये कोणत्या कामाचे व कोणास दिले, ते मला मराठीत लेखी कळवावे ही विनंती. अर्ज तिला वाचून दाखवला. "कोणास दिले" या शब्दांशी तिने मला थांबवलं आणि परत वाचायला लावलं. मग अंगठा न देता सही केली, एकेक अक्षर सुटं काढून. साक्षरतेच्या वर्गात शिकलेली सही आहे तिची, त्या चार अक्षरांना तिला मिनिटभर लागतं. मी एक प्रत काढली, पोच घ्यायची असते म्हणून, आणि दोन्ही कागद तिच्या हातात दिले.

ती समोर गेली. काचेतून मला दिसत होतं. काउंटरवरच्या मुलीने कागद वाचला, आत नेला. मॅनेजर स्वतः बाहेर आले. बोलणं काय झालं ते मला ऐकू आलं नाही. त्यांनी काकीसाठी खुर्ची ओढली, ती बसली नाही. मग त्यांनी शिक्का शाईच्या डबीवर दोनदा दाबला आणि तिच्या प्रतीवर उमटवला. काकीने शिक्का वाळेपर्यंत कागद आडवा धरून ठेवला.

परत आली तेव्हा तिने विचारलं, "तुजा काय झाला?"

"काही नको, काकी."

"फुकट नको माका." तिने कमरेची चंची सोडली. काउंटरच्या काचेवर एक नाणं ठेवलं, त्यापासून वीतभर अंतरावर तीन नाणी ठेवली, आणि पहिल्यावर बोट टेकलं. "ह्यो कागदाचो." दुसऱ्यावर टेकलं. "ह्यो झेरॉक्साचो." मग चंचीत बराच वेळ चाचपडून तिसरा वाटा घातला. "आणि ह्यो तुजो. लिवल्याचो."

तिसऱ्या वाट्यात दहाची नोट होती, चार घड्या घातलेली, कडेला लाल डाग पडलेली. मी ती उचलून घेतली.